दोन फडकी

एका जुन्या सुती चादरीची सारख्या मापाची दोन फडकी फाडली आणि पुरली. एक फवारणी होणाऱ्या शेतात, दुसरं बांधापलीकडच्या पडीक पट्टीत. दोन्हींवर वीतभर माती, खुणेला एकेक काठी. मातीत जीव किती आहे ते बघायचं असेल तर तिला कापूस खायला घालावा, असं कुठंसं वाचलं होतं. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. ते पचवणारी विकरं (एन्झाइम) मातीतल्या बुरशांकडे आणि काही जिवाणूंकडे असतात. दोन महिन्यांनी उकरायचं आणि काय उरलंय ते बघायचं. ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा.

दोन महिन्यांनी पडीक पट्टीतून जे निघालं त्याला फडकं म्हणणं धाडसाचं होतं. काठाची शिवण तेवढी शाबूत होती (दोरा सुती नसावा) आणि तिला लोंबणाऱ्या चार चिंध्या. त्याही बोटात धरताच विरल्या. शेतातलं फडकं मात्र डागाळलेलं, दोन-चार भोकं पडलेलं, पण सबंध बाहेर आलं. धुऊन घेतलं असतं तर ओटा पुसायला चाललं असतं. मी ते धुतलं नाही. पण टाकवतही नव्हतं.

आता यावरून फवारणीवर खटला भरता येईल का? नाही. पडीक पट्टीत कित्येक वर्षांचा पाचोळा साठलाय, तिथं ओल टिकते, तिथं नांगर फिरत नाही, मुळं बाराही महिने जिवंत असतात. शेतात यातलं काहीच नाही. नुसती नांगरटसुद्धा बुरशीचं जाळं तोडते, ऊन आणि वारा आत घेते. त्यात रासायनिक खतं आणि त्यात फवारणी. कुणाचा वाटा किती, हे दोन चिंध्या सांगू शकत नाहीत. चिंध्यांनी एवढंच केलं की मला गप्प बसू दिलं नाही.

आधी शब्दांपाशीच अडलो. ‘पडीक’ म्हणजे काम न करता पडून राहिलेली. माणसाला ‘पडीक’ म्हटलं तर तो भांडायला उठेल. आणि फडक्याचा निकाल असा की कामाला लागलेली ती, आणि कसलेली जमीन दोन महिने एक चादर चघळत बसलेली.

दुसरा शब्द ‘औषध’. फवारणीला आम्ही कधी फवारणी म्हटलंच नाही. ‘औषध मारायचंय’ असंच म्हणत आलो. लहानपणी एकदा पंपात पाणी ओतताना विचारलं होतं, “बाबा, हे औषध नेमकं कुणाला?”

“पिकाला.”

“पण मरते तर कीड.”

“किडीला विष, पिकाला औषध.”

“आणि मातीला?”

बाबांनी पंप पाठीवर चढवला. “मातीला काय होतंय? ती खाली असते.”

खाली असते, हेच तर खरं दुखणं. वरून जे जे सुटतं ते शेवटी तिच्याच अंगावर येतं. पानावरून ओघळलेलं, पावसानं धुतलेलं, गळलेल्या पानाबरोबर आलेलं. बियाण्याला चोळलेलं आणि दाणेदार स्वरूपात सरीत सोडलेलं तर थेट तिच्यातच जातं. आणि तिथं वस्ती केवढी! चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात, हजारो प्रकारचे. २०२३ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सजीव प्रजातींपैकी सुमारे ५९ टक्के मातीत राहतात. आपण जिला निर्जीवपणाची उपमा म्हणून वापरतो (‘शेवटी सगळ्याची मातीच’), ती अर्ध्याहून अधिक जगाचं घर आहे.

इतिहासात एक योगायोग आहे. तो कळल्यापासून मनातून जात नाही. १८८५ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यानं ‘मायकोरायझा’ (बुरशी आणि मूळ यांची जोडी) हा शब्द घडवला. ट्रफल या जमिनीखालच्या बुरशीची लागवड करता येते का, याचा तो शोध घेत होता. झाडांच्या मुळांवर त्याला बुरशीचं अस्तर दिसलं आणि ही बुरशी मुळाचा रोग नव्हे, मुळाची सोबतीण आहे, असं त्यानं मांडलं. लोकांना ते फार काळ पटलं नाही. त्याच १८८५ साली फ्रान्समध्ये प्येर मिलार्दे यानं मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना यांचं मिश्रण द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर चालतं, हे जाहीर केलं. तेच बोर्डो मिश्रण. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर असलं काहीतरी निळसर माखून ठेवायची तिथली रीत होती, आणि त्या माखलेल्या वेली रोगातून वाचलेल्या त्याच्या नजरेला पडल्या. म्हणजे बुरशी मित्र असते हे ज्या वर्षी नावासकट कळलं, त्याच वर्षी बुरशी मारण्याचं एक खात्रीचं साधन हाती आलं. पुढची शंभर वर्षं आपण त्यातलं दुसरंच तेवढं लक्षात ठेवलं.

बोर्डो मिश्रणातलं तांबं मूलद्रव्य आहे. त्याचं विघटन होत नाही, ते कुजत नाही, उडून जात नाही. मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थाला धरून बसतं आणि दरवर्षी थोडं थोडं वाढतं. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांमध्ये ते इतकं साठलंय की गांडुळं आणि सूक्ष्मजीव दोघांनाही जड जातं. आणि तांब्याची ही औषधं कित्येक ठिकाणी सेंद्रिय शेतीतही चालतात. ‘नैसर्गिक’ आणि ‘निरुपद्रवी’ हे दोन शब्द एका दमात उच्चारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

मायकोरायझाचं काम समजलं की बुरशीनाशकाचा प्रश्न आपसूक समजतो. स्फुरद (फॉस्फरस) मातीत असूनही हलत नाही. मुळाला चिकटून असलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातलं संपलं की मूळ उपाशी. बुरशीचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक. ते त्या पट्ट्याच्या पलीकडे जातात, स्फुरद आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींचा हा व्यवहार आहे, आणि चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांमध्येही त्याच्या खुणा सापडतात. २०२२ साली युरोपभरच्या मातींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेतजमिनी आणि गवताळ जमिनी शेजारी ठेवून, हे तंतू झाडाला किती स्फुरद पोचवतात ते मोजलं होतं. शेतजमिनीत ते बरंच कमी भरलं. आणि त्यामागच्या कारणांत बुरशीनाशकांचा वापर ठळकपणे पुढे आला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं. रोगाची बुरशी आणि घरची बुरशी यांत औषधाला फरक कळत नाही. मग स्फुरद कमी पडलं म्हणून आपण पोत्यानं आणतो, आणि स्फुरद मुबलक झालं की झाडही सोबतिणीला साखर द्यायला हात आखडतं. एकदा का ही घसरण सुरू झाली की पहिला धक्का कुणी दिला ते शोधत बसण्यात अर्थ उरत नाही.

पण ‘औषधानं माती मरते’ हे वाक्य मला मान्य नाही. सभांमध्ये टाळ्या घेतं, पण खरं नाही. माती मेली असती तर कळलं तरी असतं. शिफारशीच्या मात्रेत वापरलेल्या कित्येक तणनाशकांचा परिणाम मोजायला जावं तर काही आठवड्यांत तो पुसट होतो. बुरशीनाशकांचा अधिक टिकतो. आणि सगळ्यांत हात धुऊन मागे लागतात ती धुरी देणारी रसायनं. पण त्यांतही माती मरत नाही. तिच्यातली माणसं बदलतात.

याचा सगळ्यांत विलक्षण दाखला मातीतला जीव मोजण्याच्या एका पद्धतीत आहे. १९७६ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात जेंकिन्सन आणि पॉलसन यांनी ती बसवली. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, आतले बहुतेक जीव मारायचे, धूर काढून टाकायचा, आणि चिमूटभर ताजी माती मिसळून दहा दिवस थांबायचं. मग जिवंत असलेले मेलेल्यांवर तुटून पडतात आणि त्यांच्या श्वासातून कर्बवायूचा लोंढा येतो. तो मोजला की आधी किती जीव होते त्याचा हिशेब लागतो. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी, अगदी शब्दशः. त्याच केंद्रात १९०९ साली रसेल आणि हचिन्सन यांनी असंही पाहिलं होतं की उष्णतेनं किंवा टोल्यूइनसारख्या द्रवानं अर्धवट निर्जंतुक केलेल्या मातीत पीक उलट जोमदार येतं. त्याचं श्रेय त्यांनी प्रोटोझोआ, म्हणजे जिवाणू खाणारे एकपेशी जीव, मरण्याला दिलं होतं. पण मेलेल्या देहांतून मोकळं झालेलं नत्रही त्यात आहे. आता हे शेतकऱ्याच्या नजरेतून बघा. धुरी दिली, रोग गेला, शिवाय पीक हिरवंगार. कोण म्हणेल की मातीचं काही बिघडलं? ती हिरवाई कोणाच्या तेराव्याची आहे, हे पानावर लिहिलेलं नसतं.

मागच्या पिढ्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला. बाबांचं ‘मातीला काय होतंय’ हे अडाणीपण नव्हतं. डोळ्यांपुढे पीक उभं होतं.

आणि हे फक्त शेतकऱ्यांचं नाही. नव्या औषधाची मातीवरची परीक्षा आंतरराष्ट्रीय पातळीवर कशी घेतात ते बघा. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची २००० सालची, २१६ क्रमांकाची कसोटी अशी आहे: मातीत वाळलेल्या वनस्पतीची भुकटी मिसळायची, औषध घालायचं, आणि नत्राचं नायट्रेट होण्याचा वेग बिनऔषधी मातीशी ताडून बघायचा. २८ दिवसांनंतर फरक २५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या औषधाचा दीर्घकालीन परिणाम नाही असं समजायचं. फरक जास्त असेल तर जास्तीत जास्त १०० दिवसांपर्यंत थांबून बघायचं. परीक्षा अगदीच वाईट नाही. नायट्रेट करणारे जीव मोजके आणि नाजूक असतात, त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणं शहाणपणाचंच. पण ही हजेरी कामाची आहे, माणसांची नाही. दहा जणांचं काम उरलेल्या तिघांनी ओढून नेलं तरी पाटी भरलेलीच दिसते. आणि परीक्षेला औषध एकटं बसतं. शेतात ती घोळक्यानं येतात. युरोपातल्या ३१७ शेतांतले मातीचे नमुने तपासले तेव्हा ८३ टक्के नमुन्यांत कुठल्या ना कुठल्या औषधाचा अंश मिळाला, आणि निम्म्याहून अधिक नमुन्यांत एकाहून जास्त औषधांचा. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं.

माणसं बदलतात म्हणजे काय होतं, ते ग्लायफोसेटच्या उदाहरणात नीट दिसतं. १९७४ पासून बाजारात असलेलं हे तणनाशक वनस्पतींचं एक विकर अडवतं. ते अडलं की काही अमिनो आम्लं बनत नाहीत. प्राण्यांमध्ये ही यंत्रणाच नाही, म्हणून आपल्याला धोका नाही, असा युक्तिवाद केला जातो. पण मातीतल्या बुरशांत आणि पुष्कळ जिवाणूंत ती आहे. त्यांतल्या काहींचं विकर ग्लायफोसेटला बळी पडतं, काहींचं पडत नाही, आणि काही तर ग्लायफोसेट मोडून त्यातलं स्फुरद खातात. एकूण डोकी मोजली तर तेवढीच भरतील. हजेरीपटावरची नावं मात्र हळूहळू वेगळी होतात. गंमत म्हणजे ग्लायफोसेट सोसणारी पिकं बनवताना जो जनुक वापरला, तोही एका जिवाणूकडूनच घेतला. ग्लायफोसेटच्या कारखान्यातल्या सांडपाण्यात तगून राहिलेला तो जिवाणू होता. विषावरचा उतारा मातीतल्याच गोतावळ्यानं दिला, आणि त्या उताऱ्याच्या जोरावर आपण विष अधिक मारलं.

मातीला शिकता येतं, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. १९४९ साली ऑडस या शास्त्रज्ञानं मातीतून २,४-डी या तणनाशकाचं द्रावण पुन्हा पुन्हा फिरवलं. सुरुवातीचे बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग अचानक रसायन झपाट्यानं नाहीसं होऊ लागलं. पुन्हा घातलं, तर आता थांबणं नाही, लगेच फस्त. वाट बघण्याचे ते दिवस म्हणजे ते खाऊ शकणाऱ्या थोड्या जिवांची संख्या वाढण्याचे दिवस. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: सोकावणं. माती सोकावते. कार्बोफ्युरानसारखी औषधं वारंवार वापरलेल्या शेतात लागू पडेनाशी झाली, त्याचं एक कारण हेच. किडीपर्यंत पोचण्याआधीच माती ती खाऊन बसते. १९७३ साली फिलिपिन्समधल्या भातखाचरातून सेतुनाथन आणि योशिदा यांनी डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही कीटकनाशकं मोडणारा एक जिवाणू वेगळा केला. पुढे दिसलं की ही करामत करणारा जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यावर असतो आणि लांबच्या नात्यातल्या जिवाणूंमध्येही सापडतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण जनुकांच्या अशा देवाणघेवाणीवर इतकी चपखल बसते की पाठ्यपुस्तकात घालावी.

शिकलेली माती म्हणजे बरी झालेली माती, असं मात्र नाही. काही गोष्टी ती शिकताना विसरते. कडधान्यांच्या आणि लसूणघासाच्या मुळांवरच्या गाठी घ्या. ऱ्हायझोबियम जिवाणू त्यांत हवेतला नत्र बांधतात. पण त्याआधी बोलणी होतात. मूळ फ्लेव्होनॉइड नावाचं रसायन सोडतं, जिवाणूचं एक प्रथिन ते ओळखतं, मग जिवाणू उलट निरोप धाडतो, मग गाठ. २००७ साली लसूणघासावरच्या एका अभ्यासात दाखवलं गेलं की मिथाइल पॅराथिऑनसारखी काही कीटकनाशकं याच बोलण्यात घुसतात, निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाची वाट अडवतात आणि गाठी उशिरा आणि कमी बनतात. जिवाणू मेलेला नसतो. मूळही मेलेलं नसतं. दोघं शेजारी राहून एकमेकांना ऐकू येईनासे होतात. मारण्यापेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं, आणि कुठल्याही डोकेमोजणीत ते दिसत नाही.

आता पडीक पट्टीकडे. तिथं सगळं आलबेल आहे असं मी समजत होतो. पण वारा बांध मानत नाही. फवाऱ्याचे बारीक थेंब उडतात, धूळ उडते, उन्हानं वाफ होऊन काही रसायनं वर जातात आणि थंड जागी उतरतात. १९६० च्या दशकातच अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांच्या अंगात डीडीटी हे कीटकनाशक सापडलं होतं. जिथं एकही शेत नाही तिथं. मग माझ्या शेतापासून दहा पावलांवरच्या पट्टीनं कुठं लपावं? उलट, औषध सोडून दिलेलं शेतही लगेच पडीकपणाला पोचत नाही. स्वित्झर्लंडमधल्या १०० शेतांची २०२१ साली प्रसिद्ध झालेली तपासणी सांगते की सेंद्रिय शेती सुरू होऊन वीस वर्षं झालेल्या मातीतही जुन्या औषधांचे अंश होते. आणि अंश जास्त तिथं सूक्ष्मजीवांचं एकूण वजन आणि मायकोरायझा कमी, असाही कल दिसला. पाटी बदलली, माती तीच.

तरीही त्या पट्टीत काहीतरी आहे, आणि ते फडक्यापुरतं नाही. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी एकेकाळी कसलेल्या, आता सोडून दिलेल्या जमिनीवर न कसलेल्या जमिनींतल्या मातीचा पातळ थर पसरला. कुठं गवताळ जमिनीचा, कुठं झुडपी माळाचा. काही वर्षांनी जिथं ज्या माळाची माती, तिथं त्या माळासारखी झाडोऱ्याची वाटचाल सुरू झाली होती. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. मातीचा पातळ थर पुढच्या झाडोऱ्याची दिशा ठरवतो. हे वाचलं आणि मला ‘पडीक’साठी दुसरा शब्द मिळाला: बेणं. पेरायला राखून ठेवलेलं, म्हणून न खाल्लेलं. बांध रुंद करावा की कोरून शेतात घ्यावा, या वर्षानुवर्षांच्या शेजारभांडणात हा मुद्दा कुणी मांडलेला मी ऐकलेला नाही.

परवा वळवाचा पाऊस पडून गेला. मी एका हातात शेतातली माती घेतली, दुसऱ्या हातात पट्टीतली. पहिल्या पावसाचा तो वास बराचसा जिओस्मिन या रसायनाचा असतो. १९६५ साली त्याला हे नाव मिळालं. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो बनवतात. आपण त्यावर कविता करतो, पण तो आपल्यासाठी नसतो. २०२० साली कळलं की या वासानं स्प्रिंगटेल नावाचे उडी मारणारे इवले जीव खेचले जातात. ते स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर घेऊन दूर नेतात. कीटकनाशकांचा मार या स्प्रिंगटेलांवरही बसतो. म्हणजे वास असेल आणि वासाला येणारं कुणी नसेल, असंही होऊ शकतं.

मला वाटलं होतं, निदान नाकाला फरक कळेल. डोळे मिटले, एकदा डावा हात हुंगला, एकदा उजवा. पुन्हा हात बदलून. स्ट्रेप्टोमायसिस चिवट असतात, बीजाणू करून कसल्याही दिवसांतून पार पडतात. दोन्ही मुठींना अगदी सारखाच वास येत होता.